जीवाश्म कवड्या: लाकडी खणातून बाहेर

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) कवड्यांचा खण रिकामा झाला. मॉर्निंग्टनचा फॉसिल बीच आणि हॅमिल्टनजवळचा मडी क्रीक या दोन ठिकाणचे नमुने आता पॉलिथिनच्या डब्यांत आहेत. जीवाश्मतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉय यांनी १८६७ मध्ये नोंदवलेली महाकाय कवडी गिगँटोसिप्रिया गायगस याच राज्यातली. अशा कवड्या संग्रहालयांत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी कपाटांत राहिल्या, आणि तिथेच त्यांना बाइनचा रोग जडतो.

हा खरं तर रोग नव्हे. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते. ती कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटला खाते आणि वर पांढरे, भुरभुरीत क्षार येतात. ज्यांचं नाव या रोगाला मिळालं त्या शंखअभ्यासक बाइन यांनी १८९९ मध्ये जंतूंना दोष दिला होता. क्षारांचं खरं स्वरूप संशोधक टेनेंट आणि बेर्ड यांनी १९८५ मध्ये दाखवलं. कवडीची झिलई एकदा गेली की परत येत नाही, म्हणून शिरक्याचा वास येण्याची वाट पाहू नका. खणात ए-डी पट्टी (आम्लाच्या वाफेने रंग बदलणारा कागद) २४ तास ठेवा. ती निळ्याची हिरवी झाली तरी नमुने हलवा.

भुकटी मऊ ब्रशने काढली. भक्कम, मातीविरहित कवड्या ऊर्ध्वपातित पाण्यात काही मिनिटं, मग इथेनॉलमध्ये बुडवून सावलीत वाळवल्या. चिकणमाती भरलेल्यांना पाणी लावलं नाही: माती फुगते आणि पाठ तडकते.

फॉसिल बीचच्या नमुन्यांतला पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) हे वेगळं दुखणं. दमट हवेत त्याचं गंधकाम्ल होतं आणि कवच आतून फुटतं. हे नमुने सिलिका जेलसह स्वतंत्र हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात जेल वरचेवर तापवून कोरडं करावंच लागतं.

भेगांसाठी १०० मिली अॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (भेगा सांधणारं अॅक्रिलिक राळेसारखं द्रव्य), बारीक ब्रशने, फक्त भेगेत. सगळीकडे फासलं तर खोटी चकाकी येते. ओलसर दिवशी लावलं तर अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, पाणी साचतं आणि पांढुरका थर उरतो.

नमुन्याचा क्रमांक पोटाच्या बाजूला, तोंडाच्या कडेवरच्या दातांपासून दूर: खाली पॅरालॉइडचा ठिपका, त्यावर शाई, पुन्हा ठिपका. जुनी चिठ्ठी कितीही मळकी असली तरी टाकायची नाही. नमुना सापडला त्या खडकाच्या थराचं नाव बहुधा तिच्यावरच असतं.

पुढचं काम मापांचं: लांबी, रुंदी आणि उंची व्हर्नियरने, दोन्ही ओठांवरचे दात भिंगाखाली दोनदा मोजून.