पॉडकास्टचा पत्ता बदलताना

गेल्या वर्षी मार्चमध्ये, माझा पॉडकास्ट जिथे ठेवला होता त्या सेवेचा मेल आला: आमची सेवा तीस दिवसांत बंद होत आहे, आपल्या फाइल्स उतरवून घ्या. तोवर माझ्या पॉडकास्टचे ४६ भाग झाले होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या विणकरांशी मारलेल्या गप्पा. मराठीत सुरू झालेलं बोलणं तेलुगूत कधी शिरेल याचा नेम नाही. माग थांबल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही, त्यामुळे एकेका भागापायी एकेक रात्र गेलेली.

फाइल्स माझ्याकडे होत्याच. गेल्या त्या प्रतिक्रिया. भिवंडीहून एका ताईंनी लिहिलं होतं की चौदाव्या भागातले आजोबा आणि ताईंचे वडील एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर होते. पुढचं सविस्तर लिहिते म्हणाल्या होत्या. त्यांचा नंबर नाही, मेल नाही. सेवा बंद झाली आणि तो धागाच तुटला. याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. माझे वडील जेकार्ड मागावर चादरी काढायचे. चादरीची नक्षी मागात नसते, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. ती माळ त्याच मापाच्या दुसऱ्या जेकार्डवर चढवली की तीच नक्षी उतरते. पॉडकास्टचं आरएसएस फीड मला असंच समजलं. ती एक साधी मजकुराची फाइल असते आणि प्रत्येक भागासमोर 'एन्क्लोजर'मध्ये ऑडिओ कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. आरएसएस घडवणाऱ्यांपैकी एक असलेले डेव्ह वायनर यांनी, पुढे पॉडकास्टर म्हणून ओळखले गेलेले ॲडम करी यांच्या आग्रहावरून २००० च्या अखेरीस हा घटक आरएसएसमध्ये घातला. ऐकायचं ॲप कुठलंही असो, वाचतं हीच फाइल. म्हणजे फीडचा पत्ता ज्याच्या ताब्यात, पॉडकास्ट त्याच्या ताब्यात. माझा पत्ता त्या सेवेच्या नावाचा होता.

स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःच्या नावाचं ठिकाण, घेतलं. जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणारं ३०१ रीडायरेक्ट मुदतीच्या आत लावून घेतलं. इथे एक चूक झाली. प्रत्येक भागाला 'जीयूआयडी' नावाची कायमची खूण असते, ती जशीच्या तशी न्यायची असते. मी नव्या खुणा पडू दिल्या आणि लोकांच्या फोनवर सगळे ४६ भाग पुन्हा नवे म्हणून उतरले. जुन्या खुणा एकेक करून परत लावायला दोन रात्री गेल्या. फीड हलवणाऱ्यांनी हे आधी तपासावं, बाकी सगळं नंतर.

पण फीड एकाच दिशेने जातं. ऐकणाऱ्याचं बोलणं त्यातून परत येत नाही, आणि मला तर तेच हवं होतं. तिथून मी ॲक्टिव्हिटीपबकडे आलो. मॅस्टोडॉन हे अनेक सर्व्हरांवर पसरलेलं सोशल नेटवर्क ज्यावर चालतं तो हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी आपसात बोलायचे ठरलेले नियम. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तो शिफारस म्हणून मान्य केला. प्रत्येक खात्याला एक इनबॉक्स आणि एक आउटबॉक्स असतो, आणि वेगवेगळ्या मालकांचे सर्व्हर एकमेकांच्या इनबॉक्समध्ये निरोप टाकतात. कॅस्टोपॉड या पॉडकास्ट चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टच असं खातं होतो. नवा भाग टाकला की मॅस्टोडॉनवरच्या अनुयायांना तो दिसतो, आणि त्यांनी दिलेलं उत्तर माझ्या सर्व्हरवर येऊन त्या भागाखाली बसतं. पीएचपी ही संगणकभाषा चालणाऱ्या साध्या होस्टिंगवरही ते उभं राहतं.

आठवडाभर मात्र माझं खातं कुणाला सापडेना. नाव शोधणारा सर्व्हर डोमेनवर 'वेबफिंगर'च्या ठरलेल्या जागी विचारणा करतो, आणि होस्टिंगच्या सेटिंगमध्ये नेमकी तीच वाट बंद होती. ती उघडल्यावर दोन मिनिटांत पहिला अनुयायी आला.

ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कचा एटी प्रोटोकॉल वेगळा. तिथे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, एक नोंद केली की आपलं डोमेनच आपलं नाव होतं, आणि सर्व्हर बदलला तरी ओळख व जुना मजकूर सोबत नेता येतो. मॅस्टोडॉनवर घर बदललं तर अनुयायी येतात, जुन्या पोस्ट मागे राहतात. या बाबतीत मला ब्लूस्कायची रचना जास्त पटते. पण दोन्ही प्रोटोकॉल थेट एकमेकांशी बोलत नाहीत, मध्ये पूल लागतो, आणि माझं बोलणं पॉडकास्टला चिकटून राहायला हवं होतं. म्हणून मी कॅस्टोपॉडवरच थांबलो. फीडमध्ये 'सोशल इंटरॅक्ट' हा टॅग असतो. चर्चा कुठे चालू आहे ते तो ॲपला सांगतो. तो वाचणारी ॲप्स अजून मोजकी आहेत.

चौदावा भाग मी पुन्हा वर आणून ठेवलाय. खाली लिहिलंय: भिवंडीच्या ताई, तुमचं पत्र अर्धं राहिलंय. डोमेनचे पैसे दरवर्षी जानेवारीत भरायचे असतात, म्हणून आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गड्ड्याच्या यात्रेशेजारीच पेनाने 'पॉडकास्ट' असं लिहून ठेवलंय.