पलटणीतले नाव

सातारा जिल्ह्यातील एका बँक शाखेत निवृत्तिवेतनाचे टेबल मी नऊ वर्षे सांभाळत आहे. नोव्हेंबर हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा, म्हणजे निवृत्तिवेतनधारक जिवंत असल्याची खात्री यंत्रावर अंगठा घेऊन करण्याचा महिना. जन्मभर खुरपे धरलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा लागत नाही. मग बोटे कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, यंत्रावर न दाबता हलकेच टेकवावी लागतात. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही, रांगेतल्या म्हाताऱ्यांनीच शिकवले.

गेल्या नोव्हेंबरात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले नाईक हुद्द्याचे एक जवान मुलाबरोबर आले. त्यांचा अंगठा पहिल्याच वेळी लागला, अडचण नावाची निघाली. आधार कार्डावर आडनाव जाधव, तर पेन्शनच्या आदेशात इंग्रजी स्पेलिंगमधला एच गळून झालेले जादव. 1968 साली बेळगावला भरतीच्या वेळी कोणा कारकुनाने कानावर पडले तसे लिहून घेतले असावे. माणूस समोर उभा असतानाही अक्षर जुळत नाही म्हणून अडून बसणाऱ्या व्यवस्थेचा मला मनापासून राग येतो. तरीही प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात, लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज अशी यादी मी करून दिली.

नाईकांनी यादीकडे पाहिलेच नाही. रुमालाच्या पुरचुंडीतून त्यांनी 1971 च्या युद्धाचे संग्राम मेडल काढले आणि त्याची कड माझ्यापुढे धरली. तिच्यावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले होते, आणि त्या नावात एच नव्हता.

“मॅडम, जमालपूरला ह्याच नावाची हाक ऐकून मी उठलोय. आता ते चुकीचं हाय म्हणून लिहून देऊ?”

डिसेंबर 1971 च्या युद्धात ब्रह्मपुत्रा ओलांडून आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या मागचा रस्ता अडवणाऱ्या पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, ते होते. 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानी तुकडी याच पलटणीवर येऊन आदळली होती. त्यांनी स्वतः एवढेही सांगितले नाही; पलटणीचे नाव घेतले आणि थांबले, बाकीचे मला ठाऊक होते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी “एका अक्षरासाठी केवढा हट्ट” असे पुटपुटला. ज्याला आपल्या नोकरीत कोरून ठेवावे असे काही मिळाले नाही, त्याला हे कळणे अवघडच आहे.

मग मी त्यांना सांगितले की नाव जुळले नाही, तर त्यांच्या पश्चात पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकेल. ते खरेच होते, पण ते ऐकून त्यांनी मेडल पुन्हा रुमालात बांधले, तेव्हा मी हे सांगायला नको होते असे वाटले, आणि अजूनही वाटते.

शेवटी मी ‘जाधव आणि जादव ही एकच व्यक्ती’ अशा प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहून वाचून दाखवला. ‘लष्करी अभिलेखात नजरचुकीने नोंदवलेले नाव’ या ओळीवर त्यांनी हात वर केला.

“नजरचुकीनं खोडा.”

मी तो शब्द खोडला. त्या वर्षीचा दाखला कागदी नमुन्यावर, माझ्या समोर त्यांची सही घेऊन पाठवला. ती सही त्यांनी पलटणीतल्या नावाने केली. प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसला केलेल्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही. त्या शब्दावाचून तो परत आला, तर नाईकांना निरोप कसा द्यायचा, हे मला अजून सुचलेले नाही.