आमची वाटचाल : नाव मशीनचं, पोट जॉबवर्कचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्हाला ‘एसपीएमवाले’, म्हणजे एकाच ठरावीक कामासाठी खास मशीन बांधून देणारे, म्हणून ओळखतात, आणि ते ऐकायला मला आवडतं. पण शेड उभी राहिली ती एका जुन्या लेथवर, पंपात फिरणाऱ्या इंपेलरच्या जॉबवर्कवर, म्हणजे गिऱ्हाइकाचे नग मजुरीवर करून देण्यावर. मधली वर्षं चलान, डिस्पॅच आणि पगारात गेली.

२०१८ साली पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने एकदम आठ भोकं पाडणाऱ्या, आठ स्पिंडलच्या ड्रिलिंग मशीनची ऑर्डर दिली. ३० टक्के ॲडव्हान्स, ६० ट्रायल पास झाल्यावर, उरलेले १० टक्के, मशीन त्यांच्याकडे चालू झाल्यावर. स्पिंडल धरणाऱ्या हेडचं बोअरिंग झालं, गिअर बसले, आणि डिझाइनवाल्या साहेबांचा मेल : पीसीडी (भोकं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) ३ मिलिमीटरने वाढवा, छोटासा बदल आहे. छोटासा! मल्टीस्पिंडल हेड उघडून पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. सेंटर बदलले की हाऊसिंग नवं, गिअरही नवे. जादा पैसे मागितले तर ‘पीओत (खरेदी ऑर्डरीत) बसत नाही’.

मशीन लांबत गेलं. मशीनवर जॉब लावून देणारे चांगले सेटर त्याच्याभोवती अडकले, रोजच्या जॉबवर नवखी पोरं. ज्याला टूल ग्राइंडिंग मी शिकवलं, त्या शेजारच्या गाळेवाल्याने नेमका तेव्हाच माझा व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा, सेटर फोडला. पाठोपाठ दोन गिऱ्हाइकंही गेली. दिवाळीला हसत मिठाई घेऊन येतो, वर तोंड करून!

सांगलीचे पंपवाले काका तेवढे हलले नाहीत. स्वतः बोअर गेज घालून भोकाचं माप बघायचे, २० मायक्रॉन वर गेलेला नग मुकाट्याने बाजूला काढायचे आणि बाकीच्यांचा चेक शनिवारी हातात. लघुउद्योगांचे पैसे चुकते करायला २००६ च्या कायद्यात दिलेले ४५ दिवस त्यांच्याबाबतीत मोजावेच लागले नाहीत. त्या वर्षीचे पगार काकांच्या इंपेलरवर निघाले. कंपनीचे शेवटचे १० टक्के मात्र सही करणारे साहेब बदलत राहिले म्हणून रखडले.

नव्या पोरांना सांगतो, विचारलं नाही तरी. जॉबवर्क सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि रिजेक्शनवर चालतं, मशीन बांधणी तारखांवर आणि ड्रॉइंगवर. दोन्हींना सेटर वेगळा, बँक खातंही वेगळं. मशीनच्या ॲडव्हान्समधून पगार करू नका. तो पैसा गिअर आणि बेअरिंगचा आहे. ड्रॉइंग फायनल झाल्याची सही शिक्क्यासकट आल्याशिवाय बोअरिंगला हात लावायचा नाही.

परवा त्याच कंपनीची पुन्हा चौकशी आली. कोटेशन पाठवलंय, ५० टक्के ॲडव्हान्सचं.