वीतभर न्यूट आणि आमचा मे महिना

परवा इथं इंग्लंडात आमच्या साइटचं घोडं अडलं. किती दिवस? पुढच्या मार्चपर्यंत. कशापायी? एका तळ्यापायी. रंकाळा डोळ्यासमोर आणू नका. आमच्या गावची म्हैस बसली तर पाणी बाहेर सांडेल एवढंच डबकं. त्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट असण्याची शक्यता आहे म्हणे. शक्यता! सापडलेला नाही अजून.

न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतावळ्यातला, वीतभर प्राणी. इंग्लंडात त्याला मारणं, त्याची राहायची जागा मोडणं गुन्हा; तुरुंगाचीही तरतूद आहे. तो वसंतात तळ्यात उतरतो, म्हणून त्याची मोजदाद मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच. पाण्यातला डीएनए तपासायचा तर १५ एप्रिल ते ३० जून. आम्ही जागे झालो जुलैत. "उद्या उरकून टाकू की," मी म्हटलं. पाहणीला आलेली बाई शांतपणे म्हणाली, "मोठे न्यूट आता बाहेर पडलेले असणार. आता 'नाही' लिहिलं तर त्याला अर्थ नाही." मग मोबाइलवर फोटो दाखवले. मादी एकेक अंडं पाण्यातल्या पानात ठेवते आणि मागच्या पायांनी पान दुमडते. अगदी विडाच! पोट नारिंगी, त्यावर काळे ठिपके, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आपल्या अंगठ्यासारखी.

माझं डोकं तापलेलंच होतं. राधानगरीच्या गव्याचं वजन टनाच्या घरात जातं. कळप उसात शिरला की गावाकडं आमचे आप्पा रात्रभर डबे बडवत बसतात, आणि तरी १९५८ पासून दाजीपूरचं अभयारण्य आम्ही सांभाळतोय. या इंग्रजांनी लांडगे, अस्वलं, लिंक्स सगळे कधीच संपवले आणि आता न्यूटवरून जीव ओवाळून टाकतात. एक गवा पाठवून देऊ का, बघू या तळं कसं जपता ते!

पण तिचं ते 'नाही लिहिलं तर अर्थ नाही' डोक्यातून जाईना. कारण तसं मी लिहिलंय.

बारा वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका सल्लागाराकडं कामाला होतो. घाटमाथ्यावर खाणीचा प्रस्ताव होता. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल हवा, आणि पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती बऱ्याच प्रकल्पांना चालून जाते. आम्ही मे महिन्यात गेलो. सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, तव्यासारखा तापलेला. चार तास फिरलो, दोन सरडे दिसले, जीपच्या सावलीत बसून कलिंगड खाल्लं आणि लिहिलं, 'उभयचर: आढळले नाहीत'. त्याच सड्यावर जुलैत बेडकांनी पाय ठेवायला जागा नसते. दगड उचलावा तर खाली देवगांडूळ, तोही बेडकाच्याच गोतावळ्यातला, बिनपायाचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, आमचं गाव त्याच अंगाला आहे. पण वय तेवीस, पगार आठ हजार, आणि साहेब म्हणाले, छापून टाक. तुम्ही काय केलं असतं?

जनसुनावणीत एक म्हातारा उठून म्हणाला, "पावसात का आला न्हाईसा?" टाळ्या पडल्या. इतिवृत्तात तेही आलं. अहवाल होता तसाच राहिला.

इथलेही काही साधुसंत नाहीत, बरं का. पैसे भरून दुसरीकडं तळी करायची आणि पाहणीच टाळायची, अशीही योजना आहे. आमच्या मालकांचे डोळे आता तिकडं लागलेत. पण निदान 'पाहिलं नाही' याला इथं 'नाही' म्हणत नाहीत.

काल आप्पांचा फोन आला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, भोगावती फुगलीय, युरिया मिळेना. मागं बेडकांचा असला दंगा की त्यांचं निम्मं ऐकूच येईना.

"आप्पा, कुठले बेडूक हो हे?"

"कुठले म्हंजे? वड्याचे."

"तसं नव्हे, जात कुठली?"

"बेडकाची कसली जात इचारतोस? जेवलास काय?"