ठिबकच्या नळीला टांगलेली चित्रं

मुलांनी जीव ओतून काढलेली चित्रं कपाटात गठ्ठा होऊन पडतात आणि जूनमध्ये रद्दीत जातात, याचं मला फार वाईट वाटायचं. आमची शाळा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पट साठच्या आसपास. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला द्यायचा आणि उरलेल्यात वीजबिल, खडू, स्टेशनरी, दुरुस्ती भागवायची. चित्रांना फ्रेमा करायला त्यातून काही उरत नाही.

शिवाय भिंती मोकळ्या नव्हत्या. गावानं लोकवर्गणी काढून त्या रंगवून घेतल्या होत्या. पाढे, नकाशा, सुविचार, सगळं त्यावर आलेलं. तिथं खिळे ठोकायला माझं मन होईना. चिकटपट्टी लावली तर काढताना रंगाचा पोपडा घेऊन येते. म्हणजे भिंतीला हात न लावता चित्रं लावायची होती, आणि आमच्याकडे मोकळे होते ते फक्त व्हरांड्याचे खांब.

खांबाखांबांतून नायलॉनची दोरी ताणली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लटकवली. दिसायला छान दिसत होती, पण आपल्याकडचा वारा! कागद गोल गोल फिरायचे, कडा दुमडायच्या. पुठ्ठा लावावा तर तो विकत आणायला पैसे हवेत.

पुठ्ठ्याचं उत्तर घरोघरी होतं. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांची चवड साठते. वर गणपती छापलेला असतो, त्यामुळे ती टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. मी पालकसभेत मागितल्या आणि पिशव्या भरून पत्रिका आल्या. जाड, गुळगुळीत, कडेला सोनेरी वेलबुट्टी. पत्रिका उघडून आतल्या मजकुरावर चित्र चिकटवायचं. गणपती मागच्या बाजूला जसाच्या तसा राहतो. उघडलेल्या पत्रिकेवर ए-फोर कागदाचा अर्धा भाग नीट बसतो आणि चहूबाजूंनी किनार सुटते. खालची किनार वरच्यापेक्षा बोटभर जास्त ठेवली की चित्र खाली घसरल्यासारखं दिसत नाही. अर्ध्या कागदाचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. मोठा कागद दिला की लहान मुलं आभाळ रंगवता रंगवता थकतात आणि चित्र अर्धवट सोडतात. छोट्या कागदावर पहिलीतलं मूलसुद्धा शेवटपर्यंत जातं.

चिकटवायला घरची खळ केली. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला आणि चिमूटभर मोरचूद टाकलं, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, म्हणून ही खळ मी स्वतः लावली, मुलांच्या हाती दिली नाही.

आता टांगायचं कसं? हे सुचलं एका पालकांच्या केळीच्या बागेत. बांधावर ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्यांची वेटोळी पडलेली होती. म्हटलं, "नाना, यातल्या थोड्या शाळेला द्या ना." ते म्हणाले, "न्या ना मॅडम, भंगारवाला किलोवर नेतो, त्यापेक्षा पोरांच्या कामी येतील."

नळी वेटोळ्यामुळे वाकडी असते. ती गरम पाण्यात मऊ करून सरळ बांबूला बांधली आणि दिवसभर उन्हात ठेवली. मग पत्रिकेच्या रुंदीपेक्षा थोडे मोठे तुकडे कापले आणि प्रत्येक तुकड्याला कटरनं एका बाजूनं उभी चीर दिली. दोरी नळीतून ओवायची, चीर खाली ठेवायची, पत्रिकेची वरची कड सेंटिमीटरभर दुमडून चिरेत सरकवायची. दुमड आत अडकते, वाऱ्यानं सुटत नाही. चित्र बदलायचं तर बाजूनं ओढून काढायचं, नवीन सरकवायचं. हे काम तिसरीतली मुलं स्वतः करतात. दोरी, कटर, मैदा धरून सगळा खर्च पाचशेच्या आत बसला.

दोरी मात्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला हवी, यावर मी अडून राहिले. सहकारी सरांचं म्हणणं, साहेब भेटीला येतात, त्यांना वाकून बघावं लागेल. बघू देत ना वाकून. शेवटी दोन दोऱ्या बांधल्या, एक पहिली-दुसरीसाठी खाली, एक मोठ्यांसाठी वर.

दुसरा हट्ट म्हणजे निवड करायची नाही. प्रत्येक मुलाचं एक चित्र, आणि कोणतं लावायचं ते त्याचं तोच ठरवणार. चांगली चित्रं निवडली असती तर दरवेळी तीच ठरावीक नावं झळकली असती. चित्राखाली पत्रिकेच्याच तुकड्यावर नाव, इयत्ता आणि चित्राबद्दल एक ओळ, मुलाच्या घरच्या बोलीत.

पोळ्याचे मातीचे बैलही मांडायचे होते. आपली काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात राख आणि पिंजलेला कापूस मळला. केळीची रिकामी खोकी आडवी रचून कोनाडे केले, खाली विटा ठेवल्या. जमिनीला खोकं टेकलं की उधई लागलीच म्हणून समजा.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळा गाव व्हरांड्यात आला. कापूस वेचायला जाणारी एक आई डोक्यावरचा पदर सावरत एका चित्रापुढे थांबली. चित्रात कपाशीचं शेत होतं, आणि एका बाईच्या पाठीवर वेचलेल्या कापसाची ओटी इतकी मोठी की बाई त्याखाली जवळपास दिसतच नव्हती. तिनं मला अहिराणीत विचारलं, "हाई मन्ही पोरनं शे का?" म्हणजे, हे माझ्या पोरीचं आहे का? म्हटलं, "हां वो माय, तिनंच शे." खालची ओळ तिला वाचता येत नव्हती, ती मुलीनं वाचून दाखवली. मग त्या बाईनं शेजारणीला हाताला धरून आणलं आणि मुलीला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

कुणाला करायचं असेल तर एक लक्षात ठेवा. पश्चिमेच्या व्हरांड्यात स्केचपेनचा रंग उन्हानं उडतो आणि मेणाचे खडू मार्चनंतर चिकट होऊन त्यावर धूळ बसते. आम्ही स्केचपेनची चित्रं वर्गाच्या आत घेतली, बाहेर पेन्सिल आणि पोस्टर रंगांची ठेवली. मे महिन्याच्या सुट्टीआधी सगळी उतरवून ज्याची त्याला घरी दिली. नळ्या धुऊन दोरीवरच राहिल्या, शाळा उघडली की पुन्हा त्यांतच नवीन चित्रं सरकवायची आहेत.