हयातीपुरती माणसं: कस्टिस इस्टेटीचा 105 वर्षांचा हिशेब

जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त केले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण माउंट व्हर्नन या त्याच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरची निम्म्याहून जास्त माणसं त्यानंतरही गुलामच राहिली. याचं कारण त्या मृत्युपत्रात सापडत नाही. ते आहे 42 वर्षं आधी दुसऱ्याच एका माणसाने मृत्युपत्र केलं नाही, यात.

डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियातला बडा तंबाखू बागायतदार. जुलै 1757 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावावर सहा काउंट्यांत मिळून 17,500 एकरांच्या आसपास जमीन आणि जवळपास 300 गुलाम होते. मागे राहिले ते 26 वर्षांची विधवा मार्था, तीनेक वर्षांचा मुलगा जॅकी आणि वर्षभराची मुलगी पॅट्सी. मृत्युपत्र नसल्यामुळे वाटणी कायद्याने व्हायची होती.

अशा वाटणीची पहिली पायरी म्हणजे यादी. काउंटी कोर्ट माणसं नेमायचं, ती शपथ घेऊन शेतावर जायची आणि दिसेल त्याची किंमत लिहायची: गाय, घोडा, नांगर, पलंग, माणूस. माणसाचं फक्त पहिलं नाव लिहायचं, पुढे पौंड आणि शिलिंग. मालमत्ता सहा काउंट्यांत असल्यामुळे हे काम प्रत्येक ठिकाणी वेगळं करावं लागलं.

आता कायदा. व्हर्जिनियाने 1705 मध्ये वारसाहक्कापुरतं गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवलं. हेतू सरळ होता: थोरल्याला जमीन मिळाली आणि राबणारे हात दुसरीकडे गेले, तर ती जमीन घेऊन तो करणार काय? मात्र सावकाराचं देणं फेडायची वेळ आली की तीच माणसं जंगम ठरायची, जप्त करून विकता यायची. एकच माणूस वारसासाठी जमिनीसारखा आणि सावकारासाठी बैलासारखा.

त्याप्रमाणे सगळी जमीन थोरल्या, म्हणजे एकुलत्या मुलाकडे, जॅकीकडे गेली. गुलामही त्याच्याकडेच. रोकड, सामान, जनावरं यांचे मात्र तीन सारखे भाग झाले: आई, मुलगा, मुलगी. आणि विधवेला जमिनीचा व गुलामांचा एक तृतीयांश, पण फक्त हयातीपुरता. यालाच डाउअर म्हणत. आपल्याकडे 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला जो मर्यादित हक्क दिला आणि 1956 च्या वारसा कायद्याच्या कलम 14 ने ज्याचं पूर्ण मालकीत रूपांतर केलं, त्याच जातीचा हा हक्क. उत्पन्न खायचं, राबवून घ्यायचं; विकायचं नाही, सोडायचं नाही, ती मेली की सगळं पहिल्या नवऱ्याच्या वंशात परत. मार्थाच्या वाट्याला अशी 84 माणसं आली.

जानेवारी 1759 मध्ये तिने वॉशिंग्टनशी लग्न केलं. तेव्हाच्या कायद्याने बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, त्यामुळे तिचा रोकडीचा तिसरा हिस्सा सरळ त्याचा झाला. 1773 मध्ये पॅट्सी फेफऱ्याने वारली, तेव्हा तिच्या हिश्शातला अर्धा भागही त्याच्याकडेच आला आणि लंडनच्या व्यापाऱ्यांचं कर्ज फेडायला कामी आला. डाउअरच्या 84 माणसांवर मात्र त्याची मालकी कधीच नव्हती. तो होता फक्त वहिवाटदार.

खरी गुंतागुंत पुढे वाढली ती जन्मांमुळे. 1662 च्या कायद्याने मूल आईच्या दर्जावर जाई. बाप कोण, हा प्रश्नच नाही. शिवणकाम करणारी बेटी नावाची बाई डाउअरची होती. तिची मुलगी ओना जज हिचा बाप अँड्रयू जज हा इंग्रज शिंपी, गोरा. तरी ओना डाउअरचीच. मे 1796 मध्ये ती फिलाडेल्फियातून, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतल्या राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या घरातून, पळून न्यू हॅम्पशरला गेली. तिथे लग्न झालं, मुलं झाली. कायद्याच्या हिशेबात ती मुलंही कस्टिसच्या वारसांची मालमत्ताच. ओना 1848 मध्ये वारली, तोवर कागदोपत्री फरारीच होती.

फिलाडेल्फियाला आणखी एक अडचण होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला की मुक्त व्हायचा. म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या घरातली माणसं मुदत भरण्याआधी राज्याबाहेर काढून परत आणली जात. अशी फिरवाफिरवी 1788 च्या दुरुस्तीने बंद केली होती, तरीही. डाउअरचा माणूस तिथे मुक्त झाला असता, तर त्याची भरपाई कस्टिस वारसांना वॉशिंग्टनच्या खिशातून करावी लागली असती.

1799 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने स्वतः यादी केली. शेतवार नावं, कोण काय काम करतो, कोणाची बायको कुठे आहे. आणि कोण त्याचा, कोण डाउअरचा, हे वेगवेगळं. एकूण 317: त्याची 123, डाउअरची 153, आणि 41 भाड्याने घेतलेली. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की ही भाड्याची माणसं पेनेलोपी फ्रेंच या दुसऱ्या एका विधवेच्या हयातीपुरत्या हक्कातली होती.

यादीतल्या दोन नावांवर बोट ठेवतो. घरात वाढपी असलेला फ्रँक ली वॉशिंग्टनच्या बाजूला. त्याची बायको लूसी, स्वयंपाकीण, डाउअरच्या बाजूला. अर्थात मुलंही तिच्या बाजूला. जेवण एका घरचं, पण आत रांधणारी एका मालकाची आणि बाहेर वाढणारा दुसऱ्याचा. मृत्युपत्र अमलात आलं की फ्रँक मोकळा, लूसी आणि पोरं तशीच.

ही ताटातूट वॉशिंग्टनला दिसत होती. म्हणून त्याने आपल्या माणसांची मुक्ती मार्थाच्या मृत्यूनंतरच व्हावी असं लिहिलं. फक्त त्याचा खासगी सेवक विल्यम ली याला लगेच मुक्ती आणि वर्षाला 30 डॉलर. पण या अटीचा दुसरा अर्थ काय होतो? शंभरावर माणसांचं स्वातंत्र्य एका म्हाताऱ्या बाईच्या मरणावर टांगलेलं. मार्थाला त्याची भीती वाटू लागली, असं तिला भेटून आलेल्या अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने, लिहून ठेवलंय. अखेर 1 जानेवारी 1801 ला तिने ती माणसं मोकळी केली.

मार्था मे 1802 मध्ये वारली. जॅकी 1781 मध्येच गेला होता (त्यानेही मृत्युपत्र केलं नव्हतं!), म्हणून डाउअरची माणसं त्याच्या चार मुलांत वाटली गेली: एलिझाबेथ, मार्था, नेली आणि जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. चार घरं, चार ठिकाणं. कुटुंबं त्याप्रमाणे तुटली.

मार्थाचे हात कायद्याने बांधलेले होते, हे डाउअरच्या माणसांबाबत खरं. पण एलिश नावाचा एक माणूस तिच्या स्वतःच्या पूर्ण मालकीचा होता. 1782 पासून व्हर्जिनियात मालकाला आपला गुलाम मुक्त करता येत होता. तिने एलिश नातवाला दिला.

तो नातू म्हणजे आर्लिंग्टन या मळ्याचा मालक जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. आजोबा डॅनियलचं पामंकी नदीवरचं व्हाइट हाउस नावाचं मळ्याचं घरही त्याच्याकडेच आलं. ऑक्टोबर 1857 मध्ये तो वारला. त्याच्या मृत्युपत्रात आर्लिंग्टन मुलगी मेरीला, पुन्हा हयातीपुरतं. चार नातींना प्रत्येकी 10,000 डॉलर आणि गुलामांना जास्तीत जास्त पाच वर्षांत मुक्ती. मृत्युपत्र अमलात आणणारा मुख्य व्यवस्थापक जावई रॉबर्ट ई. ली, जो पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झाला. आपण मालक मेल्याबरोबर सुटलो, अशी माणसांची समजूत होती. लीचं म्हणणं, आधी नातींचे पैसे उभे राहू देत. 1859 मध्ये त्यांच्यातला वेस्ली नॉरिस पळाला, पकडून परत आणला गेला.

लीने मुक्तिपत्र 29 डिसेंबर 1862 ला केलं. यादवी युद्ध चालू होतं आणि आर्लिंग्टन तेव्हा दीड वर्षाहून जास्त काळ उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होतं.