तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यातून प्रोटीनच बनत नाही त्या भातातल्या आरएनएवर (आरएनए म्हणजे पेशीत उतरणारी जनुकाची नक्कल) एवढी वर्षं संशोधन कशाला?

लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, ठाणे-वाशी लोकलमध्ये, सगळीकडे हेच विचारतात. २०२४ मध्ये मायक्रोआरएनएला, म्हणजे दुसऱ्या जनुकांना गप्प करणाऱ्या चिमुकल्या आरएनएला, नोबेल मिळालं तेव्हा फॅमिली ग्रुपवर माझंच अभिनंदन चाललं होतं, आणि आठवड्याभरात परत सुरू, बरं पण त्याचा उपयोग काय?

तर ऐका. भाताच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्याचे पराग त्याच्यावरच पडतात, त्यामुळे हायब्रिड बी करायचं तर एका जातीचे पराग निकामीच असावे लागतात, शेतभर फुलं हाताने कोण खुडत बसणार. १९७३ मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात शी मिंगसाँग यांना नोंगकेन ५८ या जातीत असं झाड मिळालं जे दिवस मोठा असताना नर-वांझ असतं आणि दिवस लहान झाला की नीट दाणा धरतं. टू-लाइन, म्हणजे दोनच जाती वापरून बी करता येणारा हायब्रिड भात यातूनच आला. पण कारण सापडायला २०१२ उजाडलं. साधारण १२०० अक्षरांचा एक आरएनए, प्रोटीन शून्य, आणि त्यातलं फक्त एक अक्षर बदललेलं. मोठ्या दिवसांत तो पुरेसा बनला नाही की परागकोशातल्या पेशी वेळेआधी मरतात, पराग तयारच होत नाहीत. मग तो काहीच करत नाही असं कसं म्हणता?

हे मी आधीही कितीदा सांगितलंय, ठसक्यात सांगितलंय. मग एका दिवाळीला शहापूरचे मामा कळव्याला आले. पिशवीत फराळ नव्हता, लोंब्या होत्या. भात ऐन निसवताना पाऊस लागून राहिला होता, दाबलं की टरफल नुसतं चेपायचं, सगळं पळंज. मामांनी लोंब्या डायनिंग टेबलवर पसरल्या आणि म्हणाले, तू यातलीच ना गं, बघ की. मी बघितलं, आणि मला खरं तर बघायचीही गरज नव्हती. भाताचा पराग फूल उघडल्यावर काही मिनिटंच जगतो, त्यात पाणी पडलं की संपलं, यात माझ्या आरएनएचा काही संबंध नाही. तसंच सांगितलं. मामा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, म्हणजे दाणा का भरला नाही ते मलापण माहिताय आणि तुलापण, मग तू तिकडं करतेस काय? रागाने नाही म्हणाले, रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. आईने विषय बदलला, मी आत जाऊन चहा टाकला. त्या वर्षी त्यांचं काय गेलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

कॉलेजातली मी म्हणायची, ज्ञानाला उपयोग विचारायचा नसतो. मामांसमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. पण म्हणून ते खोटं ठरलं असंही मी मानत नाही, कारण हुबेईतलं ते झाड १९७३ पासून लोकांसमोर होतं आणि आरएनए कुणी बघतच नव्हतं.

आणि सगळं कळलंय असंही समजू नका. त्याच २०१२ मध्ये शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या गटाने डीएनएतल्या त्याच जागेवर बोट ठेवलं, पण म्हणाले, काम लांब आरएनए करत नाही, त्यातून निघणारा २१ अक्षरांचा तुकडा करतो. तोच बदल इंडिका भातात, म्हणजे आपल्याकडे पिकतो त्या प्रकारच्या भातात, आला की झाड दिवसाच्या लांबीपेक्षा तापमानाला जास्त दाद देतं. पुढे २०१६ मध्ये दिवसाची लांबी ओळखणारी दुसरी जागा मिळाली, तिथेही लांब आरएनए, एक मायक्रोआरएनए त्याला कापतो आणि २१-२१ अक्षरांचे तुकडे पडतात. हे तुकडे परागकोशात नेमकं कुणाला गप्प करतात? मी दोन्ही बाजूंचं वाचते, एकदा हे पटतं, एकदा ते. मामांचा पाऊस यातून थांबणार नाही. पण मोठा दिवस किंवा गरम हवा, याची खबर पराग बनायच्या आधी फुलाला लागते कशी, ते मला शोधायचंय, आणि ती वाट प्रोटीनमधून जात नसेल तर मी प्रोटीनकडे का बघू?